सुएझ, पनामा आणि डीएपीचं पोतं : नहर नेमकी कोणाची?

कापूसकोंड्या
राम राम मंडळी.

गेल्या रब्बीत हरभरा पेरायच्या तोंडावर डीएपी खतासाठी तालुक्याच्या कृषी केंद्रात चकरा मारून जीव मेटाकुटीला आला. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं : "भाऊ, लाल समुद्रात राडा सुरू आहे, जहाज आफ्रिकेला वळसा घालून येऊन राहिलं." शेवटी पोतं मिळालं, पण सोबत नको असलेली औषधाची बाटली गळ्यात मारलीच. तेव्हा वाटलं, गडी थापा मारतो.

आता जानेवारी २०२५ पासून टीव्हीवर वेगळीच नहर सुरू झाली. ट्रम्पने शपथविधीच्या भाषणातच सांगितलं की पनामा कालवा आम्ही परत घेणार. म्हणून दोन प्रश्न. दुकानदार खरं बोलत होता का? आणि असा कालवा असतो तरी कोणाचा? ज्याच्या जमिनीतून जातो त्याचा, ज्याने खोदला त्याचा, की ज्याची जहाजं त्यातून जातात त्याचा?

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याने पैसा लावला, माणसं गमावली, त्याचा काहीतरी हक्क राहतोच. ट्रम्पची बोलायची तऱ्हा उद्धट असेल, पण मुद्दा अगदीच फेकण्यासारखा नाही. आता हाणा.

वऱ्हाडी ठेचा
पैल्या प्रश्नाचं उत्तर : अर्धं हुथी, अर्धं लिंकिंग, म्हनजे पोत्यासोबत गळ्यात मारलेली बाटली.

रब्बी हंगाम
ठेचाभाऊ, हसण्यावारी नेऊ नका, सांगतो नीट.

डीएपी आपण निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, पोटॅश तर जवळपास सगळंच. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथींनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि मोठ्या कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडला. केंद्र सरकारनेच सांगितलं की खताच्या जहाजांना केप ऑफ गुड होपवरून साडेसहा हजार किलोमीटरचा जास्तीचा फेरा पडून राहिला. भाडं वाढलं, विमा वाढला. शेतकऱ्याचं पोतं १३५० रुपयांवरच ठेवायचं म्हणून टनामागे ३५०० रुपयांचं वेगळं पॅकेज द्यावं लागलं.

पण दुकानदाराने तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. सौदीची डीएपी रास अल खैर बंदरातून निघते. ते आखाताच्या बाजूला आहे, त्या मालाला ना सुएझ लागतो ना लाल समुद्र. फेरा पडला तो मोरोक्कोच्या आणि रशियाच्या मालाला. शिवाय चीनने फॉस्फेटची निर्यात आवळली होती, त्याचं नाव काउंटरवर कोणी काढत नाही. हुथी म्हटलं की विषय संपतो.

कापूसकोंड्या
म्हणजे भाव तोच, फक्त पोतं नाही. छान.

मास्तर, धामणगाव
दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. आपल्या भागात सुएझची गोष्ट कापसापासून सुरू केलेली बरी, कारण ती खरंच तिथून सुरू होते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि लिव्हरपूलला जाणारा तिकडचा कापूस अडला. गिरण्या तर बंद ठेवता येत नाहीत. मग वऱ्हाडच्या आणि इजिप्तच्या कापसाला सोन्याचा भाव आला. इकडे अमरावती-खामगावच्या बाजारात पैसा खेळू लागला, तिकडे इजिप्तचा खदीव, म्हणजे राज्यकर्ता, इस्माईल पाशाने राजवाडे, रेल्वे, साखर कारखाने काढायचा सपाटा लावला. १८६५ मध्ये लढाई संपली, अमेरिकेचा कापूस परत आला, भाव धाडकन पडले. कर्ज मात्र जिथल्या तिथे, वर व्याज. तशातही १७ नोव्हेंबर १८६९ ला कालव्याचं उद्घाटन दणक्यात झालं, युरोपातून राजेरजवाडे बोलावले, तेही उसन्या पैशावर.

सहा वर्षांत गळ्याशी आलं. खदीवाने आपले शेअर, कंपनीचे सुमारे ४४ टक्के, विकायला काढले. ब्रिटनचा पंतप्रधान डिझरायली याने रॉथशिल्डकडून ४० लाख पौंड उचलले आणि १८७५ मध्ये ते घेऊन टाकले. हंगाम चांगला म्हणून थाटात लग्न उरकायचं, पुढच्या साली भाव पडायचा आणि वावर सावकाराच्या नावावर चढायचं, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. इथे वावराच्या जागी १६४ किलोमीटरची नहर होती एवढंच.

१८८२ मध्ये इंग्रज फौज इजिप्तमध्ये उतरली. तिची शेवटची तुकडी निघाली जून १९५६ मध्ये. आणि २६ जुलैला इजिप्तचा अध्यक्ष नासर याने अलेक्झांड्रियाच्या सभेत कालवा राष्ट्रीय केल्याचं जाहीर केलं. मधे सहा आठवडेसुद्धा पुरते गेले नव्हते... बरोबर सांगायचं तर जेमतेम गेले होते.

अडत्या
मास्तर, त्या खदीवाले कर्जमाफी नाही भेटली का?

वऱ्हाडी ठेचा
यादीत नाव होतं. ई-केवायसी नवती झाली.

रेवती चांदूरकर
कापूसकोंड्यादादा, "खोदणाऱ्याचा हक्क" हा तुमचा मुद्दा पनामाच्या कागदांवर तपासून पाहू या.

पनामा १९०३ पर्यंत कोलंबियाचा भाग होता. अमेरिकेने कोलंबियाशी केलेला करार कोलंबियाच्या सिनेटने फेटाळला. ३ नोव्हेंबरला पनामाने स्वातंत्र्य जाहीर केलं, कोलंबियाची फौज येऊ नये म्हणून अमेरिकेची युद्धनौका किनाऱ्यावर हजर होतीच. १८ नोव्हेंबरला करार झाला. पनामाच्या वतीने सही कोणाची? ब्युनो-व्हारिया नावाच्या फ्रेंच माणसाची, ज्याचे हितसंबंध आधीच्या बुडालेल्या फ्रेंच कालवा कंपनीत गुंतलेले होते. पनामाचं शिष्टमंडळ वॉशिंग्टनला पोचलं तेव्हा सही वाळली होती. एक कोटी डॉलर रोख, वर्षाला अडीच लाख डॉलर, आणि दहा मैल रुंदीचा पट्टा कायमचा. "कायमचा" हे करारातच होतं.

घरच्या माणसाला न विचारता कोणी परक्याने खरेदीखतावर सही केली तर आपल्याकडे तहसीलपासून दिवाणी न्यायालयापर्यंत पिढ्या जातात. तिथे तो करार बदलायला १९७७ उजाडलं.

कापूसकोंड्या
रेवतीताई, कागद वाकडा होता, मान्य करू. पण खर्च? सुमारे ३७.५ कोटी डॉलर त्या काळी. पाच हजार सहाशेच्या वर माणसं मेली. फ्रेंचांना जमलं नव्हतं, त्यांनी डास मारून, डोंगर फोडून १९१४ ला करून दाखवलं. ट्रम्प हेच सांगतो.

रेवती चांदूरकर
मेली कोण, तेही सांगा ना दादा. त्या पाच हजार सहाशेत बहुतेक बार्बाडोस, जमैकासारख्या बेटांवरून आणलेले काळे मजूर होते. गोऱ्या अमेरिकनांचा पगार सोन्याच्या नाण्यात, यांचा चांदीच्या. राहायच्या जागा वेगळ्या, खानावळी वेगळ्या. जीव गमावल्यावरून हक्क ठरवायचा तर कालवा बार्बाडोसला द्यावा लागेल.

सुएझचंही तेच. सुरुवातीची वर्षं इजिप्तच्या खेड्यांतून वेठबिगारीने माणसं धरून आणत. नासर भाषणात एक लाख वीस हजार मेल्याचं म्हणाला. आकड्यावर इतिहासकार भांडतात, वेठबिगारीवर कोणी भांडत नाही.

वैनगंगाकाठ
ताई, पटलं. हक्काच्या यादीत फावडेवाल्याचं नाव कधीच नसते.

मूर्तिजापूर जंक्शन
कागदाचा विषय निघाला म्हणून आपली शकुंतला रेल्वे आठवली. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, दुसरा फाटा अचलपूरला. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने कापूस मुख्य लायनीवर आणायला ही अरुंद गाडी टाकली. १९५१ मध्ये रेल्वे राष्ट्रीय झाल्या तेव्हा ही राहून गेली. रूळ कंपनीचे, डबे-इंजिन-माणसं सरकारची, आणि सरकारने कंपनीला पैसे द्यायचे. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. रूळ कोण दुरुस्त करणार यावर दोघांची तोंडं दोन दिशेला, शेवटी गाडी बंद.

सुएझ कंपनीचा मक्ता ९९ वर्षांचा होता, १९६८ मध्ये आपोआप संपला असता. मग नासरने बारा वर्षं थांबायला काय हरकत होती, असा प्रश्न मला पडायचा. शकुंतलेकडे पाहिलं की पडत नाही. मुदत संपत आली की कंपनी चुनासुद्धा लावत नाही.

मास्तर, धामणगाव
मुद्दा चांगला, पण नासरची घाई धरणाच्या पैशासाठी होती. आस्वान धरणाला मदत देतो म्हणून अमेरिकेने १९ जुलै १९५६ ला शब्द फिरवला. बरोबर आठवड्यात कालवा गेला. टोलच्या पैशातून धरण बांधतो, म्हणाला. आणि फुकट घेतला असंही नाही, १९५८ मध्ये भागधारकांच्या भरपाईचा करार झाला.

त्याच्या भाषणातली गंमत ठाऊक असेलच. कालव्याच्या कचेऱ्यांबाहेर त्याची माणसं रेडिओला कान लावून बसली होती. "लेसेप्स" हे कालवा काढणाऱ्या फ्रेंच माणसाचं नाव ऐकलं की आत घुसायचं असा इशारा ठरलेला. कोणाच्या कानावरून जाऊ नये म्हणून नासर ते नाव पुन्हा पुन्हा घेत राहिला.

अडत्या
आमच्या सभेत नेता एकच नाव पुन्हा पुन्हा घेते तेव्हा लोक आत घुसत नाही, उठून घरी जाते.

जहाजी वर्धेकर
बरेच दिवसांनी लॉगिन केलं, विषय आमच्या पोटापाण्याचा. मी सेलू तालुक्यातला, मर्चंट नेव्हीत इंजिनात. दोन्ही कालवे पाहिलेले, त्यातही इंजिनरूममधून कमी आणि डेकवरून जास्त, कारण तेव्हा झोप कोणाला येते.

सुएझमध्ये एकटं जाता येत नाही. पोर्ट सईदला किंवा दुसऱ्या टोकाला सुएझला नांगर टाकून थांबायचं, ताफ्यात नंबर लागतो, पहाटे पहाटे हलायचं. इजिप्तचा पायलट, म्हणजे जहाजाचा वाटाड्या, चढतो. सोबत दोऱ्या बांधणारी माणसं आपली होडी घेऊन येतात, ती होडी क्रेनने आमच्याच डेकवर उचलून घ्यायची. मग त्यातलाच एकजण चादर पसरून पितळी पिरॅमिड, पपायरसवरची चित्रं विकायला बसतो. आणि सिगारेटचे खोके. जो येईल त्याला खोका. खलाशी लोक सुएझला मार्लबोरो कालवाच म्हणतात, जगात कुठेही विचारा. दोन्हीकडे वाळू, एका बाजूला मधूनच हिरवळ, वेग सायकलवाल्याचा.

आता कामाचं. सुएझमध्ये पायलट फक्त सल्लागार असतो, जबाबदारी कॅप्टनची. पनामात उलटं आहे, तिथे जहाजाचा ताबाच पायलटकडे जातो. कंपन्यांना हे अजिबात आवडत नाही, पण ऐकावं लागतं. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन आडवं पडलं ते आठवा. ४०० मीटर लांब, सहा दिवस रस्ता बंद. मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, व्यवस्थापन जर्मन, झेंडा पनामाचा, आणि खलाशी पंचवीसच्या पंचवीस भारतीय. इजिप्तने आधी ९१ कोटी ६० लाख डॉलर मागितले आणि जहाज ग्रेट बिटर लेकमध्ये अडकवून ठेवलं, जुलैत सोडलं. त्या दिवसांत आमच्या घरून रोज फोन, "तुमचं तं नाही ना ते?"

म्हणून मला विचाराल तर ज्याचा पायलट त्याचा कालवा. १९५६ च्या सप्टेंबरात कंपनीने आपले युरोपियन पायलट काढून घेतले. वाटलं, हे इजिप्शियन दोन दिवसांत हात टेकतील. होते तेवढे इजिप्शियन आणि बाहेरून मिळतील तेवढे पायलट जमवून त्यांनी ताफे चालू ठेवले. कालवा खरा तिथे हातातून गेला. बॉम्ब नंतर पडले.

वऱ्हाडी ठेचा
झेंडा पनामाचा, अडकलं सुएझात. लय ग्वाड.

संपादक मंडळ
मोदी-ट्रम्प मैत्रीवरचे काही प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे.

गाव_माझं_आर्वी
तिसऱ्या पर्यायावर कोणी बोललंच नाही, वापरणाऱ्यांचा हक्क. १९५६ मध्ये तो प्रयोगही झाला. ऑगस्टमध्ये लंडनला २२ देश बसले. अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री डलेस याची योजना होती की कालवा आंतरराष्ट्रीय मंडळाने चालवायचा. १८ देश हो म्हणाले. भारत, रशिया, इंडोनेशिया आणि सिलोन नाही म्हणाले. भारताचे कृष्ण मेनन यांचं म्हणणं, मालकी इजिप्तची मान्य करा आणि वापरणाऱ्यांचं एक सल्लागार मंडळ नेमा. मग डलेसने वापरकर्त्यांची संघटना काढली, तिचं पुढे काहीच झालं नाही. ऑक्टोबरच्या शेवटी इस्रायल सिनाईत घुसला, मागोमाग ब्रिटन-फ्रान्सची विमानं. आधीच फ्रान्समध्ये सेव्र इथे बसून तिघांनी ठरवलेलं. अमेरिकेने पौंडाची मान आवळली आणि दोघांना माघारी जावं लागलं. जो देश आज कालवा परत घेऊ म्हणतो, त्याच देशाने तेव्हा कालवा परत घेणाऱ्यांना हाकललं.

आमच्या आजीच्या मामांकडे निळी टोपी होती. यूएनच्या फौजेत गाझाला होते. गावात कोणाला गाझा कुठे ते ठाऊक नव्हतं, ते टोपी घालून पोळ्याला बैल मिरवायचे.

रेवती चांदूरकर
आर्वीकर, टोपीचा फोटो असेल तर टाका.

आणि "सगळ्यांना खुला" हे तत्त्वही कागदावर १८८८ पासून आहे, कॉन्स्टँटिनोपलचा करार. युद्धात-शांततेत, कोणत्याही झेंड्याचं जहाज. त्याच तत्त्वावर १९३५ मध्ये मुसोलिनीची सैन्याने भरलेली जहाजं टोल भरून अबिसीनियावर (आजचा इथिओपिया) हल्ला करायला गेली. आणि इस्रायलची जहाजं मात्र १९७९ च्या तहापर्यंत अडवली गेली. खुला कोणाला, हे नेहमी काठावर बसलेल्यानेच ठरवलं.

वैनगंगाकाठ
आता माझं ऐका. मी पवनी तालुक्यातला, गोसेखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्राचा.

पनामाची नहर समुद्राच्या पाण्यावर चालत नाही. जहाज पायऱ्या चढल्यासारखं २६ मीटर वर गाटुन तलावात नेतात आणि पुन्हा उतरवतात. दर जहाजामागे साधारण वीस कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात सोडलं जाते. २०२३ मध्ये पाऊस दगा देऊन गेला, तलाव आटला, रोज छत्तीसच्या आसपास जहाजं जायची ती बावीसपर्यंत खाली आणली. त्याच तलावाचं पाणी पनामा शहर पिते. आता उपाय काय, तर शेजारच्या रिओ इंडिओ नदीवर धरण. दोन हजारांच्या आसपास माणसं उठणार. शेतकरी विरोधात उभे आहेत.

ट्रम्प आणि चीनच्या भांडणात ह्या लोकांचं नाव कोणी घेते का? गोसेखुर्दचं भूमिपूजन राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ ला केलं. खर्च ३७२ कोटी सांगितला होता, पुढे हजारो कोटींवर गेला. आमच्या गावठाणातल्या घराला अजून भेगा आहेत, मोबदल्याच्या फायली आहेत. आता त्याच पाण्याची वैनगंगा-नळगंगा जोड नहर बुलडाण्यापर्यंत नेणार, चारशेच्या वर किलोमीटर. पश्चिमेकडच्या भावांना पाणी भेटावं, माझं काही म्हणणं नाही. पण नहर कोणाची विचारता तेव्हा धरणात कोणाचं गाव गेलं तेही विचारा.

टेलचा शेतकरी
+१. अन् नहर झाली म्हनजे पानी येते असंही नाही. नाव वाचा माझं, नहरीच्या शेवटच्या टोकाचा हाय मी.

कापूसकोंड्या
वैनगंगाभाऊ, हा कोन खरंच डोक्यात नव्हता कोणाच्या. पण मी मूळ मुद्दा सोडत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष कार्टर याने पनामाच्या तोरिहोसशी करार केला, सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केला, ३१ डिसेंबर १९९९ ला कालवा दिला. त्यात दुसरा एक करार तटस्थतेचा आहे आणि अमेरिकेला कालव्याच्या संरक्षणाचा अधिकार आहे. मग दोन्ही तोंडांवरची बाल्बोआ आणि क्रिस्टोबल बंदरं २०२५ मध्ये हाँगकाँगच्या कंपनीकडे होती, तेव्हा अमेरिकेने चिंता करूच नये का? त्यांची चाळीस टक्के कंटेनर वाहतूक तिथून जाते.

जहाजी वर्धेकर
चिंता करावी की. पण बंदराची क्रेन चालवणं वेगळं आणि कालवा चालवणं वेगळं. जहाजांचा नंबर, टोल, पायलट, पाणी हे सगळं पनामाच्या कालवा प्राधिकरणाकडे. हाँगकाँगवाल्याने क्रेन बंद केली तर माल उतरणार नाही, जहाज थांबणार नाही. आणि मार्च २०२५ च्या सुरुवातीला त्या कंपनीने बंदरं अमेरिकेच्या ब्लॅकरॉक कंपनीच्या गटाला विकायचा सौदा जाहीर केलाच होता. चीनचा त्यावर जळफळाट झाला.

खरी भीती मालकाची नसतेच. सुएझचा मालक इजिप्त, त्याबद्दल आज कोणाचा वाद नाही. तरी २०२३ मध्ये टोलचे दहा अब्ज डॉलरच्या वर मिळाले ते २०२४ मध्ये चार अब्जांवर आले. कशाने? कालव्यापासून दोन हजार किलोमीटरवर, लाल समुद्राच्या दक्षिण टोकाला बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीच्या तोंडाशी बसलेल्या हुथींनी. त्यांच्याकडे कालव्याचा एक शेअर नाही.

रेवती चांदूरकर
तटस्थतेच्या कराराबद्दल एवढंच दादा : संरक्षणाचा अधिकार आहे, पनामाच्या कारभारात हात घालायचा नाही हेही त्याच्यासोबतच्या जाहीरनाम्यात लिहून घेतलेलं आहे. १९६४ च्या जानेवारीत पनामाची शाळकरी पोरं आपला झेंडा लावायला कालवा पट्ट्यात गेली, त्यातून दंगल पेटली, वीसच्या वर माणसं मेली. ९ जानेवारीला तिथे अजून सुट्टी असते. तुमचा हक्क त्यांच्या गावात जाऊन समजावून सांगा, मी येते बघायला.

कापूसकोंड्या
तिकीट तुम्ही काढा, मी तयार. मत मात्र तेच आहे : परत घेऊ नये, पण नहर आपोआप उगवली असं समजू नये.

रब्बी हंगाम
भांडण चालू द्या. खरिपाचं बोलतो. सोयाबीनसाठी डीएपीच पाहिजे म्हणून अडून बसू नका, सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. स्फुरद कमी, १६ टक्के, पण गंधक सोबत येते आणि तेलबियांना ते लागतेच. नत्रासाठी थोडा युरिया वेगळा द्या. कारखाने आपल्याच देशात आहेत, रांगही कमी.

वऱ्हाडी ठेचा
अन् ते बनवाले दगड कुठून येते?

रब्बी हंगाम
रॉक फॉस्फेट. जॉर्डन, इजिप्त, मोरोक्को. थोडा राजस्थानातून.

वऱ्हाडी ठेचा
मंग आली ना नहर!

जहाजी वर्धेकर
जॉर्डनचा माल अकाबातून निघतो, त्याला सुएझ लागत नाही. बाब-अल-मंदेब लागतो.

अडत्या
म्हनजे दुकानदाराचं यंदाचं उत्तरही तयार हाय. मे महिन्यातच उचला पोते.